बोर्डावर लिहिता येत नाही ते

तू स्वतंत्र बसायचं ठरवलंस, बरं केलंस. सिनियरांकडे राहून तारखा घेण्यात, पुरसिशी देण्यात आणि नकलांच्या मागे पळण्यात जेवढं शिकण्यासारखं होतं तेवढं तुझं शिकून झालंय. आता तिथे नुसती वर्षं वाढतील. पण फोनवर तू पुढे जे विचारलंस, "ताई, स्पेशलायझेशन कशात करू? सायबर, रेरा की आयपीआर?", त्यावर मी हं हं करून विषय बदलला. मुद्दाम बदलला. हे बोलणं कुकरच्या शिट्ट्या मोजत करण्यासारखं नव्हतं.

आता ऐक. ही तिन्ही कामं चांगली आहेत, पैसाही आहे त्यांत. पण साताऱ्यात बसून ट्रेडमार्कची कामं येऊन येऊन किती येणार? कंदी पेढ्याच्या दोन दुकानदारांत नावावरून जुंपली तर एखादं. रेराची सुनावणी ऑनलाइन होते, त्यामुळे इथे बसून ते करता येईल हे खरं, पण ज्याचा फ्लॅट हिंजवडीत अडकलाय तो वकील पुण्यातलाच शोधतो. त्याला समोर बसून रडायचं असतं. सायबरचं म्हणशील, तर फसलेला माणूस आधी बँक आणि पोलीस स्टेशनच्या फेऱ्या मारतो आणि आपल्याकडे येईतो त्याच्या हाती फीपुरते पैसेही उरलेले नसतात. तुझा हिरमोड करायचा नाही मला. पण ही यादी तू कुठल्यातरी सेमिनारमधून आणलीयस. तुझ्या टेबलावर काय पडलंय ते त्या यादीत दिसत नाही.

म्हणून आधी गेल्या दोन वर्षांच्या डायऱ्या काढ. तारखा सोड, माणसं बघ. कुठल्या पक्षकाराने दुसरा पक्षकार आणला? कुठलं काम सिनियरांनी "हे तूच बघ गं" म्हणून तुझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा विचारलंही नाही? कुठल्या फाइलवर तू गरजेपेक्षा जास्त वेळ बसलीस? गेल्या दिवाळीत जेवताना तू कुठल्यातरी साठ-बासष्ट सालच्या फेरफाराबद्दल बोलायला लागलीस ते श्रीखंड संपलं तरी बोलतच होतीस. सगळे कंटाळले होते. मी मात्र तेव्हाच मनात म्हटलं, हिची लाइन हिला सापडलीय, हिला कळलेलं नाही इतकंच.

रेव्हेन्यू साइडला आपल्याकडे कुणी मनापासून जात नाही, हे तू पाहिलंयस. दिवाणी कोर्टात निदान बोर्ड लागतो, आपला नंबर कळतो. तहसीलदारांसमोर सुनावणी ११ ची म्हणून जावं तर साहेब मंत्र्यांच्या दौऱ्यावर, नाहीतर निवडणुकीच्या कामाला, नाहीतर अवकाळीच्या पंचनाम्याला. प्रकरण निकालासाठी बंद होतं आणि निकाल काही येत नाही. नाव झालेल्या वकिलांना हे परवडत नाही. त्यांचा अर्धा दिवस जातो आणि डिस्ट्रिक्ट कोर्टातल्या तारखा बुडतात. मग ते ज्युनियरला पाठवतात, ज्युनियर लेखी म्हणणं देऊन परत येतो, आणि पक्षकार मात्र झाडाखाली पिशवी धरून बसलेला असतो. जे काम दहा जणांना नकोसं आहे आणि हजार जणांना हवंय, त्या कामाकडे नीट बघ. गर्दी नाही म्हणून ते हलकं समजू नकोस.

शेतरस्त्याचं काम घे. वरवर बघता किती किरकोळ! आणि आपल्या भागात त्यावरून डोकी फुटतात. जमिनीच्या वाटण्या होत होत गटाचे तुकडे पडले, आतल्या शेताला वाट उरली नाही, आणि ऊस तोडून झाला तरी ट्रॉली बाहेर काढता येत नाही. यात कायदे दोन. वहिवाटीचा रस्ता होता आणि शेजाऱ्याने तो नांगरला, चर खोदला किंवा काट्या टाकल्या, तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा, कलम ५. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. रस्ता मुळात नव्हताच, आता हवाय, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, आणि तो मिळतो बांधावरून. निम्मे अर्ज इथेच गोत्यात येतात. लिहिणारा दोन्ही एकत्र कालवतो: रस्ता पूर्वापार आहे, आणि नसल्यास नवा देण्यात यावा! समोरचा वकील तेवढ्या एका वाक्यावर प्रकरण उडवून देतो. पुढच्या वाटाही वेगळ्या. १९०६ च्या कायद्यात अपील नाही, फेरतपासणी अर्ज आहे. १४३ मध्ये तहसीलदारांच्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो, पण तो एकदा लावला की अपिलाची आणि फेरतपासणीची वाट बंद. हे सगळं एका पानात मावतं. पण ते पान जिला तोंडपाठ आहे तिच्याकडे लोक कोरेगाववरून येतात, फलटणवरून येतात.

आणि पानाच्या पलीकडचंही आहे. स्थळपाहणीच्या दिवशी वकिलाने जायचं नसतं असा एक समज आहे आपल्याकडे. तू जा. चपला घालून नको, बूट घालून जा आणि पाण्याची बाटली घे. साहेब येण्याआधी तासभर पोच आणि ट्रॉली वळते कुठे ते शोध. भरलेल्या ट्रॉलीला वळायला जागा लागते. जिथे ती वर्षानुवर्षं वळली तिथली माती घट्ट बसलेली असते, पाऊस पडून गेला तरी तिथे गवत धड धरत नाही, आणि कोपऱ्यावरच्या बाभळीच्या बुंध्याला ट्रॉलीचा कोपरा घासून साल गेलेली असते. शेजाऱ्याने रस्ता नांगरला तरी ती बाभूळ सहसा तोडायची राहते. पंचनाम्यात ते झाड आलं पाहिजे, त्याचं अंतर आलं पाहिजे. गावनकाशावर तुटक रेषेने गाडीवाट दाखवलीय का ते आधीच बघून ठेव, वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढ. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रंही बघता येतात. वाट दिसत असेल तर प्रिंट काढ आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोड. तहसीलदार ते मागणार नाहीत कदाचित. पण प्रकरण वर गेलं की कुणीतरी नक्की मागतं.

आता तुझ्या आवडत्या फेरफारांकडे येते, कारण मला वाटतं तुझं खरं काम तिथे आहे, आणि ते रस्त्यापुरतं नाही.

लेकींच्या हिश्श्याचा कायदा तुला पाठ आहे. आपल्या राज्याने १९९४ मध्येच दुरुस्ती केली, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली तीतून वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली, तीत तो लग्नाचा अडसर राहिला नाही. तरी वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत यावर वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. कायद्याचा प्रश्न सुटला. भांडण सुटलं का? नाही. भावांनी दुसरा दरवाजा धरला: "वाटणी आधीच झालीय, तोंडी झालीय, फेरफार बघा." २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांना कायद्याचं संरक्षण आहे, पण ती वाटणी नोंदणीकृत तरी हवी नाहीतर कोर्टाच्या हुकमाची. नुसती तोंडी वाटणी सहसा मान्य होत नाही. सरकारी कागदाचा भक्कम आधार असेल तर अपवाद होऊ शकतो. म्हणजे सगळी लढाई आली कुठे? त्या फेरफाराच्या एका नोंदीवर.

आणि ती नोंद वाचता येणारे वकील आपल्या बारमध्ये किती आहेत? बोटांवर मोजून बघ, एक हात पुरेल. वर्दी कुणी दिली, कोणत्या तारखेला; नोटीस कुणाकुणाला बजावली, बहिणीच्या नावापुढे सही आहे की अंगठा, की "गैरहजर"; नोंद मंजूर करणाऱ्याचा शेरा काय; ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागलं होतं ते नेमकं कुठल्या नोंदीने कमी झालं. बहिणींची नावं इतर हक्कात ढकलली ती पुढच्या सातबाऱ्यावर आली की संगणकीकरणात गळाली. हे वाचायला डोळा लागतो, आणि तो तुला आहे. तो घासून घासून तयार कर. जुन्या नोंदी मोडीत असतील तर मोडी शीक. पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग निघतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली होती, आठवतंय ना? वकील असून मोडी वाचणारी मुलगी म्हणजे काय चीज आहे, याचा तुला अजून अंदाज नाही.

थांब, तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं. बाई वकील म्हणजे पोटगी, घटस्फोट, ४९८-अ आणि आता बहिणींचे हिस्से. म्हणजे पुन्हा बायकांचीच कामं? तुझा राग रास्त आहे. सनद घेतल्या दिवसापासून बाररूमने आपल्याला त्याच खुर्चीवर बसवलंय. मीही सुरुवातीला कौटुंबिक कामं टाळायची, निव्वळ हट्टाने. पण दुसऱ्याने नेमून दिलेलं काम नको म्हणून आपल्याला जमणारं कामही नको, हा हिशेब काही बरोबर नाही. बहिणीचा दावा वरून कौटुंबिक दिसतो. आतून तो पक्का महसुली आणि दिवाणी पुराव्याचा असतो. आणि त्यात एक जागा अशी आहे जिथे पुरुष वकिलाला शिरकावच नसतो. ती बाई नवऱ्याबरोबर येते, बोलतो नवरा. खाली मान घालून ती ऐकते. नवऱ्याला झेरॉक्स काढायला पाठवलं की मग ती सांगते: तिला जमीन नकोय, नवऱ्याला हवीय, तिला फक्त भावाने एकदा घरी येऊन विचारायला हवं होतं. किंवा उलटं. भावाने दिवाळीच्या ओवाळणीनंतर हक्कसोडपत्रावर सही घेतली, आणि त्यात काय लिहिलं होतं ते तिला माहीत नाही. या दोन बायकांचे दावे कागदावर सारखे दिसतील, पण चालवायचे अगदी वेगळे. पहिलीचं लोकअदालतीत मिटेल, कोर्ट फीसुद्धा परत मिळेल. दुसरीचं शेवटपर्यंत लढायला लागेल.

आपल्या नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी हेच केलं होतं. ऑक्सफर्डमध्ये १८९२ ला कायद्याची परीक्षा दिली, परत आल्या, तर बाईला वकिली करायची परवानगीच नाही. मग त्यांनी बघितलं की पडद्यातल्या जमीनदार विधवांच्या इस्टेटी कारभारी आणि नातलग लुटताहेत, आणि त्या बायका परपुरुष वकिलासमोर येऊ शकत नाहीत. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली, ती याच कामासाठी. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला १९२३ ला. म्हणजे वकील म्हणून उभं राहता येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्याकडे स्वतःची लाइन होती, आणि ती इतर कुणालाच जमणारी नव्हती.

बरं, लाइन ठरली. आता लोकांना कळणार कसं? इथे बहुतेक नवी मुलं घसरतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे आपल्याला जाहिरात करता येत नाही, कामं मागत फिरता येत नाही. पाटी बेताच्या आकाराची हवी, आणि तिच्यावर अमुक कामात तज्ज्ञ असं लिहायचं नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट चालते. तिच्यावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. बस. तरी रीलमध्ये कोट घालून "शेतरस्ता अडवला? लगेच कॉल करा" म्हणणारे आहेत. असले व्हिडिओ तू करू नकोस. नियमाचं सोडच, सिनियर न्यायाधीशांच्या मोबाइलवरही ते पोचतात.

पाटीवर जे लिहिता येत नाही ते दुसऱ्या वकिलाने बोलावं लागतं. माझा आतापर्यंतचा सगळा अनुभव हेच सांगतो: एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाररूममधले इतर वकील. पक्षकार नंतर. ज्या दिवशी क्रिमिनल करणारा एखादा वकील त्याच्या अशिलाला म्हणतो, "फेरफाराचं आहे ना, मग त्या मॅडमकडे जा, तिसऱ्या रांगेतलं टेबल", त्या दिवशी तुझी लाइन झाली. तोवर ती तुझ्या डोक्यात आहे फक्त.

हे घडवून आणायला थोडं धूर्त व्हावं लागतं, चांगल्या अर्थाने. कुणीही फेरफाराबद्दल विचारायला आलं तर चहा पिता पिता सांगून टाक, फी मागू नकोस, मोठेपणाही दाखवू नकोस. आज १० मिनिटांत फुकट सांगितलंस की उद्या आख्खी फाइल येते. ज्याने काम पाठवलं त्याचं नाव वकीलपत्रावर राहू दे, दर टप्प्याला त्याला फोन कर, आणि तो पक्षकार उद्या चेक बाउन्सचं काम घेऊन तुझ्याकडे आला तर त्याला उलट पावली मूळ वकिलाकडे पाठव. हे एक पथ्य मोडलंस तर बाररूममध्ये दुपारच्या डब्याआधी बातमी पसरते. तुझ्याकडे येणारी मोटार अपघाताची कामं ज्याला त्यात गती आहे त्याच्याकडे दे. देणाऱ्यालाच मिळतं इथे.

बाहेरही बोलता येतं. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव दे. स्त्रीला मोफत विधी सहाय्य मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे आपल्या निम्म्या बायकांना ठाऊक नाही. प्राधिकरणाच्या शिबिरात बचत गटांसमोर हक्कसोडपत्राबद्दल बोल, सही करण्याआधी काय विचारावं ते सांग. कार्ड मात्र वाटायचं नाही. आणि तहसील कार्यालयाच्या, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर जे एजंट घुटमळतात त्यांच्याशी हसून बोल, पण कामाच्या बदल्यात टक्का द्यायचा नाही. वकील नसलेल्याशी फी वाटून घेणं नियमात बसत नाही, आणि एकदा त्या माणसाने पाठवलेल्या पक्षकारांवर तुझं भाडं निघायला लागलं की तो सांगेल तसं तुला नाचावं लागेल.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण मनात तेच असणार. पहिले काही महिने फेरफारावर चूल पेटणार नाही. जामीन घे, चेक बाउन्सचे १३८ घे, नोटिशी लिही, संमतीचे घटस्फोट कर. त्यात कमीपणा नाही. फक्त सकाळचे दोन तास तुझ्या लाइनसाठी राखून ठेव, आणि त्या वेळेत कोर्टातून सहीसाठी बोलावणं आलं तरी शक्यतो हलू नकोस. फी टप्प्यांत सांग: कागद तपासून लेखी मत देण्याचे वेगळे, दाव्याचा मसुदा वेगळा, पुरावा वेगळा, युक्तिवाद वेगळा. लेखी मताची फी पहिल्या दिवशी घे. तो कागद बघायला तुझे तीन दिवस जातात आणि लोकांना वाटतं तू नुसतं सातबाऱ्यावर नजर टाकलीस. आणि लोक म्हणतील, "मॅडम, जमीन मिळाली की एक गुंठा तुमचा." हात जोडून नाही म्हण. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळकतीत वाटा घेणं आपल्याला मना आहे. ज्यांनी असे वाटे घेतलेत त्यांच्या कहाण्या तुला बाररूममध्येच ऐकायला मिळतील, कुजबुजत.

एक धोका सांगून ठेवते. काही लाइनी प्रकल्पाबरोबर येतात आणि प्रकल्पाबरोबर जातात. महामार्ग रुंद होत होता तेव्हा भूसंपादनाच्या मोबदल्याची कामं करणाऱ्यांच्या टेबलाशी रांग असायची. मोबदले वाटून झाले, लवादाकडची प्रकरणं संपत आली, आणि त्यातले काही आता नव्याने दिवाणी दावे लिहायला शिकताहेत. त्यांचं काम चांगलंच होतं, पण आटणारं होतं. वाटण्या, वारस नोंदी, बहिणींचे हिस्से, रस्ते हे मात्र जमीन आहे तोवर आहे. त्यातही एकाच अधिकाऱ्याशी जमतं म्हणून प्रॅक्टिस उभारू नकोस. साहेबांची बदली होते.

तू पुण्यात किंवा ठाण्यात असतीस तर मी वेगळं सांगितलं असतं. माझ्या एका वर्गमैत्रिणीने तिकडे फक्त गृहनिर्माण संस्थांचं काम धरलं. इमारत उभी राहून वर्षं लोटली, सोसायटी झाली, आणि खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, अशा सोसायट्या तिकडे ढिगाने आहेत. मोफा कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण करून घ्यायचं, थकबाकीदार सभासदांच्या वसुलीचे दाखले काढायचे, पुनर्विकास आला की करारनामा वाचून द्यायचा. कोर्टाची पायरी ती क्वचितच चढते. एका सोसायटीचं काम झालं की शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी हजर. तिनेही हे यादीतून निवडलं नव्हतं. स्वतःच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये इतिवृत्त लिहायला कुणी तयार नव्हतं, ती बसली लिहायला, तिथून सुरू झालं.

आणि एकटीनेच सगळं करायला हवं असंही नाही. तुझ्याबरोबर लॉ कॉलेजला होती ती मुलगी, कराडची, उलटतपास छान घेते असं तूच म्हणत होतीस. तुझे कागद आणि तिची जीभ, असं दोघींचं मिळून एक ऑफिस होऊ शकतं. भाडं निम्मं होईल, आणि तू स्थळपाहणीला गेलीस तर कोर्टात तारीख मागायला कुणीतरी असेल. पैशाचं मात्र पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्या. आपण वकील लोक सगळ्या जगाला करार करायला सांगतो आणि आपसांत तोंडी बोलतो.

येत्या शनिवारी कोर्टाला सुट्टी आहे, इकडे ये. दोन वर्षांच्या डायऱ्या आण, आणि येण्याआधी सगळी कामं एका कागदावर उतरवून काढ: काम कुठून आलं, कुणी पाठवलं, फी किती ठरली आणि किती हातात पडली. शेवटचा रकाना खरा भर, मला बरं वाटावं म्हणून भरू नकोस. आणि तो दिवाळीतला साठ-बासष्टचा फेरफार, त्याची नक्कलही घेऊन ये. मला ती नोंद पुन्हा बघायचीय. त्यात नोटीस बजावल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख एकच आहे असं तू म्हणाली होतीस, आणि तसं असेल तर त्या नोंदीतल्या बाईचा दावा अजून उभा राहू शकतो.